पट्टी ओली, डोळा कोरडा

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. डोळ्यांच्या हॉस्पिटलात दुसऱ्या मजल्यावर संशोधन विभाग होता; विभाग म्हणजे दोन खोल्या आणि मध्ये एक पडदा. कोरड्या डोळ्यांवरच्या एका नव्या औषधाचा अभ्यास चालू होता आणि माझ्याकडे चाचण्या घ्यायचं काम होतं. बोटभर लांब, बारीकशी कागदाची पट्टी असते. तिचं टोक दुमडून खालच्या पापणीत अडकवायचं, माणसाला पाच मिनिटं डोळे मिटून बसवायचं आणि मग पट्टी किती मिलिमीटर भिजली ते वाचायचं. दहाच्या आत असेल तर अभ्यासात प्रवेश. वर असेल तर धन्यवाद, निघा.

एका सोमवारी सकाळी आलेल्या बाईची पट्टी अठरा भिजली.

“मावशी, तुमच्या डोळ्यांत पाणी भरपूर आहे,” मी म्हटलं. “तुम्ही आमच्या अभ्यासात बसत नाही.”

“मी तर बसलेय,” ती म्हणाली.

बसली होतीच. खुर्चीचे दोन्ही हात धरून, पाठ ताठ करून.

“तसं नाही, नियमात बसत नाही.”

“मग नियम जरा सरकवा की.”

मला हसू आलं आणि रागही आला. बाहेर बाकावर सात माणसं खोळंबली होती. ही पन्नाशीची, अंगानं काटकुळी, मान किंचित पुढे आलेली, हातात पिळून काढावा असा ओला रुमाल. डोळे लालभडक.

“पाणी वाहतंय आणि आत वाळू टोचतेय,” ती म्हणाली. “दुपारी कामावर तर डोळे उघडे ठेवायला जीव जातो. आणि तुम्ही म्हणता काही नाही.”

“काही नाही असं म्हणत नाही मी. पट्टी म्हणतेय.”

“तुमच्या पट्टीला पाणी कळतं, पोरी. मला काय होतं ते कळत नाही.”

तरी रीतीप्रमाणे दुसरी चाचणी मी केली. डोळ्यात पिवळा रंग घालायचा, निळ्या उजेडात बघायचं आणि पापणी न मिटता डोळ्यावरचा पाण्याचा थर किती सेकंद टिकतो ते मोजायचं. थर फाटला की त्या पिवळ्यात काळा ठिपका उमटतो. तिचा अकराव्या सेकंदाला फाटला. म्हणजे ठीकच. मी कार्डावर अकरा लिहिले आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

“येते,” ती दारात म्हणाली. निघताना सगळेच तसं म्हणतात. तिच्या मनात मात्र ते अक्षरशः होतं.

हॉस्पिटलपासून सात मिनिटांच्या चालीवर कापडाचा कारखाना होता. तिथं ती चोवीस वर्षं कापड तपासत होती. समोरून कापड सरकत जायचं, मागून उजेड, आणि हिनं गाठ, सुटलेला धागा, विरळ पट्टा, तेलाचा डाग पकडायचा. तिचं खरं नाव कारखान्यात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे तिला ‘भिंग’ म्हणत. नव्या मुली ‘भिंगमावशी’. डोळ्यांत तेल घालून काम करणं म्हणजे काय ते तिच्याकडे बघून कळायचं, असं तिची मैत्रीण सांगायची. त्या नावाचा तिला अभिमान होता.

दोन वर्षांपूर्वी कारखान्यानं बसकी, सपाट टेबलं काढून उभे फळे आणले. कापड आता डोळ्यांसमोर खालून वर जायचं. धूळ बसू नये म्हणून वरून गार वाऱ्याचा झोत सोडलेला. फळे दिसायला झकास होते. पाहुणे आले की साहेब आधी तिथंच आणायचे.

तेव्हापासून भिंगच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. घरात त्याचं भलतंच झालं. दोन खोल्यांचं घर, नवरा शाळेत शिपाई, दीर आणि धाकटी जाऊ, सगळे एकत्र. संध्याकाळी ही डोळे पुसत जिना चढायची आणि शेजारणी जावेकडे टवकारून बघायच्या. शेवटी एक दिवस जाऊ उखडली.

“वहिनी, तुम्ही रडत येऊ नका हो! सगळा मजला म्हणतो मी तुम्हाला छळते.”

“मी रडत नाहीये गं.”

“मला माहीत आहे! त्यांना सांगा!”

भिंगनं मग जिन्यातच उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की माझी जाऊ मला छळत नाही, उलट मीच तिला छळते. त्यावर जाऊ आणखीच चिडली.

कारखान्यात मात्र हसण्यासारखं काही राहिलं नव्हतं. वर्षभरात तिच्या हातून तीन तागे दोष न दिसता पुढे गेले आणि परत आले. सुपरवायझरनं तिला कारखान्याच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी टॉर्च मारला आणि चिठ्ठीवर दोन शब्द लिहिले: ‘वयोमानानुसार त्रास.’ सुपरवायझर म्हणाला, “आता पॅकिंगला जा, आरामाचं काम आहे.” ती म्हणाली, “मला आराम नको, मला माझे डोळे हवेत.” आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फळ्यासमोर उभी राहिली.

हे सगळं मला पुढे कळलं. तेव्हा मला दिसलं ते एवढंच, की त्याच आठवड्यात गुरुवारी दुपारी, मी डबा उघडत असताना, ती धापा टाकत दारात उभी होती.

“आत्ता बघा,” ती म्हणाली. “सोमवारी मी सुट्टी काढून, झोप काढून आले होते. आत्ता थेट फळ्यावरून आलेय. वीस मिनिटं आहेत माझ्याकडे.”

“जेवणाची सुट्टी आहे मावशी.”

“माझीही.”

डबा झाकला. रंग घातला, निळा दिवा लावला. ती स्वतःच मोठ्यानं मोजायला लागली. एक, दोन, तीन. तिसऱ्याला काळा ठिपका उमटला आणि बघता बघता पसरला. मला वाटलं रंग नीट पडला नाही. पुन्हा केलं. पुन्हा तीन. सोमवारचं कार्ड काढलं, अकरा. मग पट्टी लावली. पट्टी सतरा!

“काय झालं?” तिनं विचारलं.

“पट्टी ओली आहे,” मी म्हटलं. “पण डोळा कोरडा आहे.”

“मग मी सोमवारी काय म्हणत होते?”

मॅडम, म्हणजे आमच्या विभागाच्या मुख्य डॉक्टर, शिस्तीच्या होत्या. मी दोन्ही आकडे त्यांच्यासमोर ठेवले तेव्हा त्यांनी ते नीट पाहिले आणि म्हणाल्या, “शक्य आहे. पाणी कमी नसतं, टिकत नाही. पापणीच्या कडेला तेलाच्या ग्रंथी असतात. त्यांचं तेल वर पसरलं नाही तर पाणी उडून जातं. मग डोळा झोंबतो, आणि झोंबला की धो धो वाहतो. पण आपला अभ्यास औषधाचा आहे. आराखडा मध्येच बदलता येत नाही. त्यांना बाहेर उपचार लिहून द्या.”

भिंग तिथंच उभी होती. तिनं पिशवीतून एक कागद काढला. कारखान्याच्या डॉक्टरांचीच चिठ्ठी होती, आणि पाठीमागे पेन्सिलीनं बारा ओळी. बारा बायका, प्रत्येकीपुढे दोन आकडे.

“पापणी किती वेळा मिटते ते मोजलंय,” ती म्हणाली. “भिंतीवरच्या घड्याळात मिनिट बघून. पहिला आकडा चहाच्या वेळचा, गप्पा मारताना. दुसरा फळ्यासमोरचा.”

चहाला अठरा, वीस, सोळा. फळ्यासमोर चार, पाच, तीन.

“ह्या सगळ्या काय एकदम म्हाताऱ्या झाल्या? ह्यांतली एक तर तेवीस वर्षांची आहे.”

मॅडमनी चष्मा काढला. “हे तुम्हाला कुणी मोजायला सांगितलं?”

“कुणी नाही. माझं कामच आहे बघायचं.”

“मोजताना बायकांना माहीत होतं?”

“नाही. सांगितलं असतं तर मुद्दाम मिटल्या असत्या ना.”

मॅडमनी बाराही ओळी पुन्हा वाचल्या. मग म्हणाल्या, “औषधाचा अभ्यास राहू दे बाजूला. हा वेगळा करू. पण माझ्या पद्धतीनं. एकाही बाबतीत वाद घालायचा नाही.”

“बघू,” भिंग म्हणाली.

कारखान्यानं आम्हाला आत येऊ द्यायला साफ नकार दिला. मग भिंगनं सांगितलं, की नमुन्याच्या खोलीत दोन जुनी, बसकी टेबलं अजून आहेत. तिथं दर महिन्याला दोघी आळीपाळीनं कामाला बसतात आणि ही पाळी बायकाच आपापसात लावतात. ती पाळी आठवड्याची केली, की प्रत्येकीचा एक आठवडा टेबलावरचा मिळेल आणि एक फळ्यावरचा. दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत चौघी, दोघी टेबलावरच्या आणि दोघी फळ्यावरच्या, हॉस्पिटलात येतील. मॅडमनी एक अट घातली: चाचणी घेणारीला, म्हणजे मला, कोण कुठून आलंय ते कळता कामा नये. नाहीतर माझे डोळे मला हवं तेच बघतील. एकोणीस बायकांनी संमतीच्या कागदांवर सह्या केल्या.

दुसऱ्याच गुरुवारी भिंगची जिवाभावाची मैत्रीण खुर्चीत बसता बसता म्हणाली, “काय सांगू, त्या खोलीत किती बरं वाटतं गं!”

पडद्यामागून भिंगचा आवाज आला, “हिला काढा.”

“अगं, चुकून निघालं तोंडातून!”

“चुकून निघालं तरी निघालं. हिचा आकडा धरायचा नाही.”

मैत्रीण महिनाभर तिच्याशी बोलली नाही. मला वाटलं होतं भिंग रदबदली करील. पहिल्या दिवशी नियम सरकवा म्हणणारी बाई ती हीच. पण नियम तिच्या हाती आला तेव्हा तिनं तो मॅडमपेक्षा कडक पाळला.

सुपरवायझरला पाळी बदलल्याचं कळायला दोन आठवडे लागले. “कुणाला विचारून केलंत?”

“पाळी आम्हीच लावतो, वीस वर्षं,” भिंग म्हणाली. “आजच विचारावंसं वाटलं?”

त्यानं पाळीला हात लावला नाही. पण पुढच्या गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत फाटक बंद ठेवलं. पहारेकरी बिचारा किल्ल्या हातात घेऊन उभा. “वरून सांगितलंय, मी काय करू?”

“काही करू नकोस,” भिंग म्हणाली. “आम्ही इथंच जेवतो.”

आणि ती फाटकाला पाठ टेकून, उभ्यानं डबा उघडून जेवायला लागली. तिच्या शेजारी दुसरी आली, मग तिसरी. दहा मिनिटांत तपासणीच्या सगळ्या बायका फाटकापाशी दाटीनं उभ्या राहून जेवत होत्या. मैत्रीणही होती, तोंड फिरवून. एवढ्यात बाहेर सुताचा ट्रक आला आणि हॉर्न वाजवायला लागला. ट्रक आत घ्यायचा तर फाटक उघडायला हवं, आणि बायका हलेनात. सुपरवायझर धावत आला, ओरडला, भिंगनं शांतपणे घास संपवला.

“उघडा की फाटक. आम्ही कुठं नको म्हणतोय? ट्रक आत येईल, चौघी बाहेर जातील.”

फाटक उघडलं. ट्रक आत आला. त्या चौघी माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांना एवढं हसू येत होतं की पट्टी लावायला मला पाच मिनिटं थांबावं लागलं. ते फाटक पुन्हा बंद झालं नाही.

त्याची शिक्षा भिंगला झाली. दुसऱ्या दिवशी तिला पॅकिंगला पाठवलं. ह्या वेळी लेखी हुकूम होता. चोवीस वर्षं कापड पारखणारी बाई खोक्यांना चिकटपट्टी लावायला लागली. पुढच्या गुरुवारी ती आली आणि सरळ खुर्चीत बसली. मी तिची चाचणी केली. थर नऊ सेकंद टिकला.

“डोळे सुधारलेत मावशी.”

“हो. सुपरवायझरपण म्हणाला, बघा, तिथं बरं आहे ना?” ती एकदम ताठ झाली. “मी म्हटलं, बरं आहे. म्हणजे डोळा बरा आहे. मग इतके दिवस बिघडवत कोण होतं, वय? आठ दिवसांत मी तरुण झाले?”

पण सगळंच सुधारलं नव्हतं. मॅडमनी तिच्या पापण्या उलटून आतल्या ग्रंथींचे फोटो काढले. निरोगी पापणीत त्या कंगव्याच्या दातांसारख्या ओळीनं दिसतात. तिच्या खालच्या पापण्यांत निम्मे दात गळालेले होते.

“हे परत येतील?” तिनं विचारलं.

“नाही,” मॅडम म्हणाल्या. खोटा धीर द्यायची त्यांना सवय नव्हती.

भिंग फोटोकडे बघत राहिली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कापडातले विरळ पट्टे शोधणारी बाई स्वतःच्या पापणीतला पट्टा बघत होती. मग म्हणाली, “उरलेत त्यांचं काय करायचं ते सांगा.”

रोज दोन वेळा गरम फडक्यानं पापण्या शेकायच्या, हलक्या हातानं दाबायच्या, थेंब घालायचे आणि काम करताना पापणी पूर्ण मिटायची, अर्धवट नाही. शेकायचं काम जावेनं अंगावर घेतलं. भिंग जरा हलली की ती ओरडायची, “हलू नका! आता लोक म्हणतील मी तुम्हाला चटके देते.”

आम्ही दहा आठवडे मोजत राहिलो. शेवटी मॅडमनी पाळीच्या नोंदींची बंद पाकिटं फोडली आणि कोण कुठल्या आठवड्यात कुठे होतं ते जुळवलं. फळ्यावरच्या आठवड्यात पाण्याचा थर सरासरी चार सेकंदांच्या आत फाटत होता. बसक्या टेबलावर सातच्या पुढे टिकत होता. पट्टीचे आकडे मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारखे. खाली बघताना पापणी खाली येते, डोळा कमी उघडा राहतो, कमी सुकतो. नमुन्याच्या खोलीत वाऱ्याचा झोतही नव्हता. त्यामुळे किती दोष फळ्याचा आणि किती वाऱ्याचा हे आम्हाला वेगळं काढता आलं नाही, आणि मॅडमनी ते तसंच लिहिलं.

मॅडमनी कारखान्याला पत्र पाठवलं. दोन महिने उत्तर नाही. काम झालं ते वेगळ्याच वाटेनं. सुपरवायझर काही मूर्ख नव्हता. नमुन्याच्या खोलीतून गेलेला एकही तागा त्या दहा आठवड्यांत परत आला नव्हता, हे त्याच्या लक्षात आलं होतं. एके दिवशी त्यानं वर कुणाला न विचारता सुतार बोलावला. फळे चांगले वीतभर खाली घेतले, मागे कलते केले आणि वाऱ्याची तोंडं छताकडे वळवली. का, ते कुणालाच सांगितलं नाही. साहेबांनी विचारलं तेव्हा म्हणाला, असंच बरं दिसतं.

मग तो पॅकिंगमध्ये आला. “भिंग, चल. तुझी जागा रिकामी आहे.”

“नाही येणार.”

“आता काय राहिलं?”

“माझ्या फाइलीत लिहिलंय, वयोमानानुसार. ते खोडा. मगच येईन.”

“अगं, कागद आहे तो. कोण वाचतंय?”

“मी वाचलाय ना.”

अकरा दिवस ती खोक्यांना चिकटपट्टी लावत राहिली. नवरा म्हणाला, “जाऊ दे आता, जिंकलीस.” तिनं त्याला विचारलं, “कोण म्हणतं? तसं लिहिलंय कुठं?” बाराव्या दिवशी कारखान्याच्या डॉक्टरांनी मॅडमचा अहवाल मागवून वाचला, तिला बोलावलं आणि नवी चिठ्ठी लिहिली: डोळ्यांच्या पृष्ठभागाचा कोरडेपणा, कामाच्या जागेशी संबंध असू शकतो. ‘असू शकतो’वर ती थोडी अडली. पण आम्हीही त्याहून जास्त म्हटलेलं नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. चिठ्ठी घेतली आणि त्याच दुपारी तपासणीच्या खोलीत गेली. मैत्रिणीनं तिच्यासाठी खिडकीकडची जागा धरून ठेवली होती.

अहवाल छापून आला. अडीच पानं, इंग्रजीत. तो वाचून दाखवायला मी एका रविवारी तिच्या घरी गेले. स्वयंपाकघरात भिंग, नवरा, दीर, जाऊ आणि मैत्रीण, सगळे जमलेले. मी एकेक वाक्य मराठीत सांगत होते. सहभागी क्रमांक एक म्हणजे ती, हे सांगितल्यावर जावेनं टाळ्या वाजवल्या. मग मी वाचलं, “रुग्णांनी जळजळ आणि टोचण्याची तक्रार केली.”

“थांब,” भिंग म्हणाली. “तक्रार नाही केली.”

“तशी पद्धत आहे मावशी. सगळेच असं लिहितात.”

“सगळे चुकतात मग. तक्रार केली म्हटलं की निम्मा विश्वास तिथंच उडाला. आम्ही काय कुरकुर करत होतो? जे होत होतं ते सांगितलं. सांगितलं असं लिही.”

“छापून झालंय.”

“मग पुढच्या वेळी.”

पुढची वेळ चार महिन्यांत आली. काचेच्या बाटल्या तपासणाऱ्या आठ बायका आणि दोन बाप्ये घेऊन ती आमच्या जिन्यात उभी होती, आणि तेही जेवणाच्या सुट्टीत. मी नवे फॉर्म तयार केले. ‘रुग्णाच्या तक्रारी’ खोडून तिथं ‘रुग्णानं काय सांगितलं’ असं लिहिलं. मॅडमनी ते बदलून पुन्हा तक्रारी केलं. मी पुन्हा खोडलं. त्यांनी मला बोलावून विचारलं, “हे काय चालवलंय?” मी म्हटलं, “मॅडम, त्या पट्टीनं आपल्याला फसवलं होतं. त्या बाईनं नाही.”

त्यांनी फॉर्म माझ्या हातात परत दिला आणि म्हणाल्या, “छापायला टाक.”